डीएससीत पुन्हा भरती व्हायचंय? मैदानाआधी कागद, या क्रमाने तयारी करा

पेन्शनी आलेल्या जवानाने पुन्हा वर्दी चढवायचं ठरवलं की दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे पळायला लागतो. पळायलाच हवं. पण डिफेन्स सिक्युरिटी कोर, म्हणजे डीएससीच्या भरतीतून परत आलेल्यांशी बोललं की कळतं, पळण्यात मागे पडलेले थोडे आणि टेबलावर अडकलेले जास्त. कुणाच्या डिस्चार्ज बुकातलं, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या सेवापुस्तिकेतलं, नाव आधारशी जुळलं नाही, कुणाची मुदत उलटून गेली होती. आणि जे आत गेले त्यांच्यातल्या काहींना पुढे कित्येक वर्षांनी समजलं की दुसरी पेन्शन आपल्याला मिळणारच नव्हती. या सगळ्या चुका घरबसल्या टाळता येतात, फक्त कामं योग्य क्रमाने करायला हवीत.

हा लेख जवान आणि हवालदार पदावरून निवृत्त झालेल्यांसाठी आहे. अधिकाऱ्यांची पुनर्नियुक्ती वेगळ्या नियमांनी होते.

१. नेमकं कुठे परत जायचं ते आधी ठरवा

पेन्शन घेऊन आलेला जवान पुन्हा आपल्याच पलटणीत भरती होत नाही. गावात कुणी ‘साहेबांशी बोलून जुन्या युनिटमध्ये घेतो’ म्हणत असेल तर तो फसवतोय, एवढंच समजा. खरे रस्ते मोजके आहेत.

पहिला आणि मोठा रस्ता डीएससीचा. दारूगोळ्याचे डेपो, हवाई दलाचे तळ, नौदलाच्या गोद्या, संरक्षण खात्याचे कारखाने आणि प्रयोगशाळा यांची राखण हे या दलाचं काम. त्याचं सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारी कचेरी, केरळात कण्णूरला आहे. माजी सैनिकांना इथे जीडी (जनरल ड्यूटी, म्हणजे पहाऱ्याचं काम) किंवा क्लार्क म्हणून घेतात. नोकरी पूर्णवेळ, पगार दरमहा, बदली देशात कुठेही.

दुसरा रस्ता टेरिटोरियल आर्मीचा. तिच्या पर्यावरण बटालियन माजी सैनिकांनाच घेऊन उभ्या आहेत. मराठवाड्यात झाडं लावण्याचं काम करणारी महार रेजिमेंटची १३६ बटालियन त्यातलीच. पण टेरिटोरियल आर्मी कायमची नोकरी देत नाही. गरजेनुसार बोलावतात, गरजेनुसार घरी पाठवतात. डीएससीसारखी सलग वर्षं तिथे मिळतील असं धरून चालू नका.

अग्निवीरांचा प्रश्न वेगळा. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर नियमित सेवेत घेतले जातात आणि तिथून पुढे त्यांना किमान १५ वर्षं द्यावी लागतात. ती निवड सेवेतल्या कामगिरीवर होते. खालच्या पायऱ्या त्यांच्यासाठी नाहीत.

आणखी एक गोष्ट घरात मोकळेपणाने बोलून घ्या. डीएससीत तुम्ही शिपाई म्हणून जाता. हवालदार म्हणून आलेल्याच्या दंडावरही तीन फिती राहत नाहीत. कालपर्यंत ज्याला तुम्ही गार्ड लावत होतात, तो उद्या तुमचा गार्ड कमांडर असू शकतो. हे मनाला पटत नसेल तर आत्ताच थांबलेलं बरं. चार महिन्यांनी ‘घरी सोडा’ म्हणून अर्ज करणारे याच कारणाने करतात.

लक्षात ठेवा: ‘गेटवर बसायचं तर आहे’ असं समजून जाऊ नका. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला तेव्हा डीएससीचे पाच जवान शहीद झाले. त्याच वर्षी मे महिन्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, त्यातही या दलाचे जवान गेले. रात्रपाळी, पाऊस, थंडी आणि हातात भरलेलं हत्यार असं हे काम आहे.

२. घड्याळ कधी सुरू झालं ते बघा

भरतीला दोन मर्यादा असतात. एक तुमच्या वयाची, दुसरी डिस्चार्ज आणि पुनर्भरती यांच्यातल्या खंडाची. वयाची सगळ्यांना ठाऊक असते. दुसरी विसरतात आणि तीच घात करते. जीडीला खंडाची मुदत क्लार्कपेक्षा कमी असते. रॅलीच्या, म्हणजे भरती मेळाव्याच्या, जाहिरातीत त्या वेळची मर्यादा दिलेली असते, आणि धरायची तीच. मित्र तीन वर्षांपूर्वी कोणत्या अटीवर गेला याचा तुम्हाला उपयोग नाही.

घरी आल्यावर सहा महिने आराम, मग घराचं बांधकाम, मग बहिणीचं लग्न, असं करता करता मुदतीचा मोठा भाग जातो. त्यात रॅली दर महिन्याला होत नाही. म्हणून डिस्चार्ज बुकातली शेवटची तारीख एका कागदावर लिहा, तिच्यात जाहिरातीतली मुदत मिळवा आणि येणारी तारीख देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लाल पेनाने मांडा. बाकीची सगळी कामं त्या तारखेच्या आत बसवायची आहेत.

अजून सेवेत असाल आणि पेन्शनला वर्षभर उरलं असेल तर तुम्ही नशीबवान. पुढची पायरी युनिटमध्ये बसूनच उरकून घ्या, कारण तिथे हेडक्लार्क समोर असतो. घरी आल्यावर त्याच कामाला पोस्टाने महिने लागतात.

तपासा: सेवेच्या नोंदीत लाल शाईच्या एंट्री, म्हणजे शिक्षेच्या नोंदी, किती आणि त्यातल्या शेवटच्या वर्षांतल्या किती? डिस्चार्ज बुकात चारित्र्याचा शेरा काय आहे? डिस्चार्जच्या वेळी मेडिकल कॅटेगरी शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, होती का? शिस्तभंगावरून काढलेल्यांना हा रस्ता बंद आहे. बाकी कुठे शंका असेल तर रॅलीच्या रांगेत उभं राहण्याआधी आपल्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा.

३. कागद: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र किंवा फौजेतलं शिक्षणाचं प्रमाणपत्र, बँक पासबुक आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं माजी सैनिक ओळखपत्र टेबलावर एका रांगेत मांडा. आता एक कोरा कागद घ्या. त्यावर चार रकाने पाडा: माझं नाव, माझी जन्मतारीख, पत्नीचं नाव, मुलांची नावं आणि जन्मतारखा. प्रत्येक कागदावर जे छापलंय ते अक्षर न् अक्षर उतरवून काढा. नजरेने वाचून ‘बरोबर आहे’ म्हणू नका, लिहूनच काढा. लिहिताना जे दिसतं ते वाचताना दिसत नाही.

आपल्याकडच्या जवानांचे घोळ ठराविक जागी सापडतात.

नावाचं इंग्रजी स्पेलिंग. ज्ञानेश्वर, ज्ञानदेव अशी नावं आपण ‘डी’ने सुरू करतो. भरतीच्या वेळी हिंदी भाषक क्लार्कने ती ऐकली तशी ‘जी’ने लिहिलेली असतात. फौजेत वीस वर्षं ‘जी’, आधारवर ‘डी’. संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात.

आडनावाची जागा. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि फौजेच्या नोंदीत कधी कधी आडनाव गायबच, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव.

पत्नीचं नाव. लग्नात नाव बदलायची आपली रीत. पार्ट टू ऑर्डरमध्ये (फौजेतल्या नोंदीतला बदल लेखी करणारा आदेश) सासरचं नाव, तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आणि आधार कधी माहेरच्या नावाने काढलेलं. पुनर्भरतीच्या वेळी कुटुंबाची नोंद पुन्हा होते तेव्हा हे वर येतं. तेव्हाही निभावून नेलं तर तुमच्या पश्चात फॅमिली पेन्शनच्या वेळी त्या बाईला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. म्हणून भरती होवो न होवो, हे एक काम प्रत्येकाने करूनच टाकावं.

जन्मतारीख. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली एक जून फौजेतही लागली असेल तर प्रश्न नाही. पण कुणी मध्येच आधारवर ‘खरी’ तारीख लावून घेतली असेल तर दोन तारखा झाल्या. फौजेच्या नोंदीतली जन्मतारीख इतक्या वर्षांनी बदलून मिळेल अशी आशा धरू नका. बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. फरक फौजेच्या नोंदीत बरोबर आणि आधारमध्ये चूक असा असेल तर आधार केंद्रावर काम होतं, ते आधी करा. फौजेच्या नोंदीत चूक असेल तर प्रतिज्ञापत्र, मागतील तिथे वर्तमानपत्रातली जाहिरात किंवा राजपत्रातली नोंद, आणि पुराव्याच्या साक्षांकित प्रती जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आपल्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावला, तोफखान्यातल्यांनी नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सनी खडकीला, महारवाल्यांनी सागरला. अर्जावर आर्मी नंबर, रँक, नाव आणि डिस्चार्जची तारीख पहिल्या ओळीतच लिहा. नंबर नसलेला अर्ज कपाटातच पडून राहतो. स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवा.

इशारा: रेकॉर्ड ऑफिसने ‘दुरुस्ती केली’ असं फोनवर सांगितलं म्हणजे काम झालं असं नाही. पार्ट टू ऑर्डरची प्रत हातात पडली, आणि पीपीओत बदल असेल तर सुधारित पीपीओ निघाला, की मगच त्या ओळीवर टिक करा.

शेवटी सगळ्या मूळ कागदांच्या छायाप्रतींचे तीन संच करून ठेवा. गावातला पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मात्र आत्ताच काढू नका. त्याला मुदत असते. जाहिरात आली की काढा.

४. पेन्शनचं गणित पेन घेऊन करा

इथे घाई केलेली सगळ्यात महाग पडते.

शिपायाला पेन्शन मिळायला १५ वर्षांची पात्र सेवा लागते. दुसऱ्या पेन्शनलाही हाच नियम. आणि डीएससीत पहिला करार असतो १० वर्षांचा. त्यापुढची मुदतवाढ पाच पाच वर्षांनी मिळते, ती मागून आणि छाननीतून. म्हणजे पहिल्या कराराच्या शेवटी बाहेर पडलात तर ग्रॅच्युइटी हातात पडते, दुसरी पेन्शन नाही.

आता आकडे टाका. कुणी १७ वर्षं करून सदतिसाव्या वर्षी घरी आला आणि अडतिसाव्या वर्षी डीएससीत गेला. १० वर्षांनी तो ४८ चा, मुदतवाढ मिळाली तर १५ वर्षं भरतात ५३ व्या वर्षी. जमतं. दुसरा पंचेचाळिशीला टेकल्यावर गेला. त्याला १५ वर्षं भरायला साठी गाठावी लागेल, आणि शिपायाला तिथे साठीपर्यंत ठेवत नाहीत. त्याची दुसरी पेन्शन पहिल्याच दिवशी हुकलेली असते, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. थोड्याच महिन्यांच्या फरकाने १५ वर्षं हुकलेल्या जवानांनी सशस्त्र सेना न्यायाधिकरणात कितीतरी दावे लढवले आहेत. कोर्टाची पायरी चढायची वेळ येऊ नये म्हणून हे गणित आधी.

पुनर्भरती झाल्यावर तुम्हाला लेखी पर्याय द्यावा लागतो. पहिला, जुनी पेन्शन चालू ठेवायची आणि नवी सेवा शून्यापासून मोजायची. दुसरा, जुनी पेन्शन बंद करायची, घेतलेली रक्कम नियमाप्रमाणे परत करायची आणि जुनी व नवी सेवा जोडून शेवटी एकच पेन्शन घ्यायची.

ज्याची नवी १५ वर्षं नक्की भरतात त्याने पहिला पर्याय घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पेन्शन आता शेवटच्या पगाराच्या निम्मी ठरते. सेवा जोडून ३० वर्षं दाखवली म्हणून ती दुप्पट होत नाही. उलट महिन्याला हातात येणारी चालू पेन्शन तेवढी वर्षं जाते. ज्याची १५ वर्षं कोणत्याही हिशेबाने भरत नाहीत त्याने मात्र दुसऱ्या पर्यायाचा विचार करावा. तिथेही परत करायची रक्कम, विकलेल्या (एकरकमी पैसे घेऊन सोडून दिलेल्या) पेन्शनचा भाग आणि मिळणारी वाढ हे तिन्ही आकडे समोर मांडल्याशिवाय सही करू नये. विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो, हेही हिशेबात धरा.

हे गणित घरच्यांना बसवून दाखवा. पेन्शन चालू ठेवायची की नाही याचा परिणाम मुलाच्या फीवर आणि घराच्या हप्त्यावर होतो. ते तुमच्या एकट्याचं काम नाही.

तपासा: आजचं वय + १५ किती होतं? जाहिरातीत दिलेल्या निवृत्तीच्या वयाच्या आत बसतं का? उत्तर लिहून ठेवा.

५. शरीर: आधी डॉक्टर, मग धावणं

क्रम उलटा करू नका. चाळिशीतला माणूस दोन वर्षं बसून राहिल्यावर एकदम पळायला लागला की गुडघा धरतो, आणि मग रॅलीत लंगडत जातो.

आधी तालुक्याच्या ठिकाणी साधी तपासणी करून घ्या. रक्तदाब, साखर, वजन, डोळे, कान, दात. फौजी मेडिकलमध्ये शेप-१ मागतात. मन, कान, हातपाय, एकूण शरीर आणि डोळे या पाचही गोष्टींत एक नंबर. घरी आलेल्यांना सगळ्यात जास्त पाडतं ते वजन आणि रक्तदाब. त्यानंतर कानातला मळ, किडके दात, मूळव्याध, हर्निया. यातल्या बऱ्याच गोष्टी वेळेत उपचार केले तर सुटतात. फक्त ऑपरेशन करायचं असेल तर जखम पूर्ण भरायला अवधी ठेवून करा, रॅलीच्या तोंडावर नको.

मग आठवडाभर नुसतं भरभर चालणं, नंतर चालणं आणि पळणं आलटून पालटून, आणि महिन्याभराने घड्याळ लावून एक मैल. वयोगटाप्रमाणे वेळ वेगळी असते, ती जाहिरातीत बघा आणि घरी तिच्यापेक्षा अर्धा मिनिट कमीत बसवा. क्लार्कसाठी जाणाऱ्यांनी रोज संध्याकाळी टायपिंगला बसावं. संगणक सुटून वर्ष झालं की बोटं जड होतात.

इशारा: रक्तदाबाची गोळी चालू असेल तर रॅलीच्या दिवशी ती न घेता किंवा दुप्पट घेऊन जाऊ नका. आजार लपवून आत गेलेला माणूस पुढच्या तपासणीत पकडला जातो आणि मुदतवाढीच्या वेळी तेच नडतं.

६. जाहिरात आणि रॅलीचा दिवस

रॅलीची खबर व्हॉट्सॲपवर आली तरी खात्री आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून करा. जाहिरात पूर्ण वाचा, विशेषतः कोणत्या रेजिमेंटच्या आणि ट्रेडच्या माजी सैनिकांना कुठे बोलावलंय ती ओळ. नाशिकला चुकीच्या दिवशी पोचलेल्याला तिथून परत पाठवतात, दुसरी संधी लगेच नसते.

आदल्या दिवशी पोचा. फाइलमध्ये मूळ कागद वेगळे, प्रतींचे संच वेगळे. फोटो जाहिरातीत सांगितले तसेच, फौजी कटिंग करून काढलेले. दाढी, केस आदल्या दिवशीच. ही बारीक गोष्ट वाटते, पण टेबलावरचा सुभेदार साहेब फाइल उघडण्याआधी तुमच्याकडे बघतो.

कागद तपासताना चूक निघाली तर वाद घालू नका. नेमकं काय कमी आहे ते विचारून लिहून घ्या. मेडिकलला अनफिट ठरलात तर तात्पुरतं की कायमचं, कोणत्या कारणाने आणि तज्ज्ञ डॉक्टरांकडे फेरतपासणीला किती दिवसांत कुठे जायचं, हे तिथेच विचारा. ‘अनफिट’ ऐकलं की मान खाली घालून बस पकडणारे बरेच असतात. त्यातल्या काहींचं काम फेरतपासणीत झालं असतं.

पैशाबद्दल एकच वाक्य: भरतीला एक रुपयाही लागत नाही, आणि दलालाला दिलेला रुपया परत येत नाही.

७. आत गेल्यावरचे पहिले महिने

निवड झाली, कण्णूरला ट्रेनिंग सुरू झालं, की पहिल्या धावपळीत तीन कामं सुटतात.

पेन्शनचा पर्याय मुदतीत लेखी द्या आणि त्याची पार्ट टू ऑर्डर निघाली का ते बघा. तोंडी सांगितलेला पर्याय धरला जात नाही.

पुन्हा नोकरीला लागल्याची माहिती पेन्शनच्या बाजूला कळवा. स्पर्शवर (संरक्षण पेन्शनची ऑनलाइन यंत्रणा) वार्षिक ओळख देताना जे विचारतात तिथे खरं लिहा. पुनर्नोकरीत पेन्शनवरचा महागाई दिलासा चालू राहतो की थांबतो हे तुमचा पगार कसा ठरवला गेला यावर अवलंबून असतं. म्हणून पगारनिश्चितीचा कागद मागून घ्या आणि पे ऑफिसात विचारा. गप्प बसून दोन्हीकडून घेत राहिलात तर पाच वर्षांनी सगळी रक्कम एकदम वसूल होते.

नॉमिनेशन आणि कुटुंबाची नोंद नव्याने भरा. जुनी आपोआप येते असं समजू नका. तिसऱ्या पायरीवर जुळवलेली नावं इथे तशीच, त्याच स्पेलिंगने लिहा.

यापुढचं लक्ष ठेवायचं दहाव्या वर्षावर. मुदतवाढीची छाननी त्याआधी होते आणि त्यात मेडिकल कॅटेगरी, लाल शाईच्या एंट्री आणि वार्षिक शेरे बघतात. नववं वर्ष लागताच मुदतवाढीला तयार असल्याचं लेखी द्या, त्याची पोच घ्या, आणि ती पोच डिस्चार्ज बुकाच्या त्याच फाइलमध्ये ठेवा.